मुळाशी दोन बोटं सोडून

पुएर्तो बेर्रीओ
६ ऑगस्ट २०१७

रुबिएला,

देव तुझं भलं करो. पत्र मिळालं, फोटोही मिळाला. बसवाला पाकीट देताना म्हणाला, "ओतिलिया आजी, मेदेयीनहून लेकीने काय पाठवलं?" मी म्हटलं, भोपळा पाठवलाय. कानाच्या पाळ्या पावासारख्या फुगल्यात तुझ्या. डोळे होते ते कुठे गेले?

डॉक्टर म्हणतो, कलप पुन्हा कातडीला लागला तर घसा सुजेल आणि श्वास अडकेल. हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता? दर तीन आठवड्यांनी जी बाई डोक्यावर डांबर ओतते ती एक दिवस रस्त्यासारखी तडकणार, हे मी तुला कधीचं सांगत होते. पण माझं ऐकायला तू काय बहिरी आहेस? बहिरी तर मी.

तू लिहितेस, आता केसांचं काय करू कळत नाही. यात न कळण्यासारखं काय आहे? सोडून दे. माझे केस चाळिशीत पांढरे झाले. मी वेणी घातली आणि मासे तळायला गेले. गिऱ्हाईक बोकाचिको मासा खायला येतं, माझ्या भांगात डोकवायला येत नाही. तू एक्कावन्नची झालीस. एक्कावन्नाव्या वर्षी ज्या बाईचं डोकं कोळशासारखं काळं, तिच्याकडे लोक दुसऱ्यांदा बघतात ते कौतुकाने नव्हे.

पण तू सोडणार नाहीस. तुझं अक्षरच सांगतंय, कागद फाटेपर्यंत पेन दाबलंयस. म्हणून विचारते, ती तुझी पार्लरवाली यामिले काय म्हणते? ते लिही. फोन करू नकोस. शेजारची फाबिओला तिचा फोन माझ्या कानाला लावते, मला आत नुसत्या मधमाश्या ऐकू येतात, मग ती तुझं बोलणं मला ओरडून सांगते आणि सगळी गल्ली तुझ्या टाळूची चौकशी करत बसते.

टाळूला कोरफड लाव. लिंबू नको.

तुझी आई
ओतिलिया


मेदेयीन
२० ऑगस्ट २०१७

आई, आशीर्वाद दे.

सूज उतरली. टाळूवर खपल्या धरल्यात. शिवणकारखान्यात रुमाल बांधून जाते. मशिनीवरच्या पोरी विचारतात, "रुबिएलाबाई, नवस बोललात का?" मी हो म्हणते. सुटका होते.

यामिलेने मला आरशासमोर बसवून रुमाल सोडायला लावला. मुळाशी बोटभर पांढरं आलंय आणि त्याखाली माझा काळा. मध्ये पट्टीने ओढल्यासारखी रेघ. ती म्हणाली, "नुसतं वाढू दिलंत तर ही रेघ दोन वर्षं हळूहळू खाली उतरेल, आणि दोन वर्षं लोक तुमच्याशी बोलताना रेघेकडेच बघतील. नाहीतर पोरासारखे बारीक कापून टाका." मी नको म्हटलं. मग तिने तिसरं सांगितलं. मुळाशी दोन बोटं जागा सोडायची आणि तिथून खाली मोकळ्या हाताने, ब्रशने, बटा रंगवायच्या. एक जाड, एक दोऱ्याएवढी, एक अर्ध्यातून सुरू झालेली. मग पांढरे केस उगवले तरी त्या बटांत मिसळून जातात, रेघ पडत नाही. रंग कातडीपर्यंत पोचतच नाही. वर्षातून दोनदा जायचं, बस. त्याला फ्रेंच नाव आहे, यामिले दर वेळी वेगळं म्हणते.

पण त्यासाठी आधी डोक्यात साठलेला काळा उडवावा लागतो. तिने मानेवरची एक बट घेऊन पाहिली. वीट निघाली, आई. भाजलेल्या विटेचा रंग. दुसऱ्यांदा उडवला तेव्हा मध. वरून काहीतरी लावलं तर राखेकडे झुकला. म्हणाली, "असं होईल. राख आणि मध. आता काळ्याचं नाव काढू नका."

मला काळेच हवेत. तोच निळसर काळा. ती म्हणाली, "एवढा हट्ट कशाचा?" मी म्हटलं, विचार करून येते.

एक काम कर. तुझ्या भिंतीवर माझ्या दुवानचा चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या दिवशीचा फोटो आहे ना, आठ वर्षांचा, पांढऱ्या सदऱ्यातला, मी मागे उभी आहे तो. तो पाठव. त्यात माझे केस नीट दिसतात. यामिलेला दाखवते, म्हणजे तिला कळेल मला कसा काळा म्हणायचाय ते. कातडीला न लावता तोच रंग आणता येतो का बघू.

तुझी
रुबिएला


पुएर्तो बेर्रीओ
३ सप्टेंबर २०१७

रुबिएला,

कोण आहे तो?

मी म्हातारी आहे, खुळी नाही. डॉक्टर म्हणतो श्वास अडकेल आणि बाई म्हणते मला काळेच हवेत. असा हट्ट बाई देवासाठी करत नाही. तुमच्या गल्लीतला तो विधुर खाटीक का? मागे तू लिहिलं होतंस, तो तुला हाडं जास्तीची घालतो. तेव्हाच मला वास आला होता. असू दे. माझी हरकत नाही. पण ज्याला तुझ्या पांढऱ्या केसांची भीती वाटते तो तुझं आजारपण काय काढणार? त्याला एकदा रुमाल काढून दाखव. पळाला तर मटण दुसरीकडून घे.

यामिलेचं म्हणणं मला पटलं. राख काय, मध काय, त्यात वाईट काय आहे? घरात दोन्ही लागतं. रेघ पडत नाही ही तर फारच चांगली गोष्ट. आणि मुळाला हात लावायचा नाही हे मला सगळ्यात आवडलं. अशा अकलेची पार्लरवाली मी पहिल्यांदाच ऐकते आहे.

फोटो पाठवणार नाही. तो काढला तर भिंतीवर पांढरा चौकोन उरेल आणि मी मासे करपवून त्या चौकोनाकडे बघत बसेन.

खाटकाचं खरं काय ते लिही.

ओतिलिया


मेदेयीन
१७ सप्टेंबर २०१७

आई,

खाटीक नाही. कुणीच नाही. तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग मशिनीवर बसून दोन बाह्या उलट्या शिवल्या.

सांगते. तुला सोडून कुणाला सांगणार?

दुवान बारा वर्षांचा असताना एकदा मी भांडी घासत होते. मागून म्हणाला, "आई, तुझ्या डोक्यात दोरा अडकलाय." ओढायला गेला तर तो केस निघाला. पहिला पांढरा. मी तिशीही गाठली नव्हती. घराण्याचा वारसा, दुसरं काय. मग मी डबा आणला. पुढचं मी लावायची आणि मागचं तो लावायचा, जुन्या दात घासायच्या ब्रशने. "हलू नकोस, कानाला लागेल." दर वेळी कानामागे थोडी जागा सोडून द्यायचा, आणि मी ओरडले की म्हणायचा, "तिथे कोण बघतंय?" सात वर्षं त्यानेच लावलं. माझ्या डोक्याची मागची बाजू त्याची होती.

मग तो कामाला म्हणून तुझ्याकडे आला, आणि तिथून गुरांच्या गोठ्यावर माणसं नेणाऱ्या त्या ट्रकवर चढला. पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. ट्रक पाहणारी तू शेवटची. त्या वर्षांत कितीतरी घरांतली पोरं अशीच कामाला गेली आणि परत आली नाहीत. मला कुणी मेल्याचं सांगितलं नाही, जिवंत असल्याचंही नाही.

तेव्हापासून मी घर बदललं नाही. फोनचा नंबर बदलला नाही. दाराचा हिरवा रंग बदलला नाही. कलप बदलला नाही. मागचं आता माझं मीच लावते, दोन आरसे धरून. तो गर्दीत मला मागूनच ओळखायचा. बाजारात, बसस्टँडवर, कुठेही. मागून येऊन खांद्यावर हनुवटी ठेवायचा. उद्या तो त्या स्टँडवर उतरला आणि समोर राखेच्या पट्ट्यांची कुणी बाई चालत असली, तर तो तिच्या बाजूने पुढे निघून जाईल.

हे यामिलेला कसं सांगू? ती म्हणेल, रुबिएलाबाई, पंधरा वर्षं झाली.

तुझी
रुबिएला


पुएर्तो बेर्रीओ
१ ऑक्टोबर २०१७

रुबिएला,

पत्र वाचलं. खाटकाबद्दल बोलले ते मागे घेते. हाडं घेत जा.

आता नीट वाच, मी हळू लिहिते. मला लिहायला कुणी शिकवलं? दुवानने. सात वर्षांचा होईपर्यंत माझ्याकडे होता, तू शहरात शिवणकामाला गेलीस तेव्हा. त्याचं पहिलीचं पुस्तक तो वाचायचा आणि मी मासे सोलता सोलता त्याच्या मागून म्हणायची. तेव्हा या पोराबद्दल मला काही कळत नाही असं समजू नकोस.

तू विचारतेस, तो मला ओळखेल का. मी विचारते, तू त्याला ओळखशील का? तू त्याला एकोणिसाव्या वर्षाचा करून ठेवलायस, काळ्या कुरळ्या केसांचा, बारीक कमरेचा. तो आज चौतीसचा आहे. आणि टकला आहे. हसू नकोस. केस पोराला आईच्या बापाकडून येतात, आणि तुझा बाप तिसाव्या वर्षी अंड्यासारखा झाला होता. त्याला पोटही सुटलं असेल. कदाचित मिशी ठेवली असेल, देव क्षमा करो. तो तुझ्या त्या हिरव्या दारात उभा राहील आणि तू काळं डोकं बाहेर काढून म्हणशील, "कोण हवंय, दादा?"

मग दोघंही उभे राहाल.

ओळख केसांत नसते, मनात असते, असलं मी म्हणणार नाही. ते पाद्री म्हणतात, आणि त्यांना घरी कुणी ओळखायचं नसतं. ओळख केसांतही असते, मला मान्य आहे. पण श्वास अडकून मेलीस तर पेटीत काळ्या केसांनी छान दिसशील, आणि तो तुला तिथे नक्की ओळखेल. असं हवंय का तुला?

यामिलेकडे जा. मुळाशी दोन बोटं सोडायला सांग. तीन सोडली तरी चालतील.

उद्या सोमवार, माझा सकाळचा वेळ दफनभूमीत जातो, म्हणून आजच लिहून टाकलं.

ओतिलिया


मेदेयीन
९ ऑक्टोबर २०१७

आई,

काल फाबिओला गुडघे दाखवायला इथे आली होती. माझ्याकडेच जेवली. सूप पिता पिता म्हणाली, "तुझी आई या वयातही दुवानची फरशी काय सुंदर ठेवते. निळा रंग, पांढरी फुलं, नाव मोठ्या अक्षरात. तू कधी येत नाहीस ती बघायला?"

मी चमचा खाली ठेवला. विचारलं, कुठली फरशी? ती म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत आहे." मग गुडघ्यांबद्दल बोलत राहिली.

दफनभूमीच्या भिंतीत माझ्या मुलाच्या नावाचा कोनाडा आहे. त्यावर तू रंग देतेस. दर सोमवारी जातेस. आणि मला लिहितेस, तो टकला झाला असेल.

कधी सापडला? कुणी आणला? किती वर्षं झाली? मी त्या स्टँडवर दर रविवारी जाऊन बसत होते तेव्हा तो भिंतीत होता का?

याचं उत्तर दे. केसांबद्दल एक शब्द लिहू नकोस.

रुबिएला


पुएर्तो बेर्रीओ
१५ ऑक्टोबर २०१७

रुबिएला,

तो दुवान नाही. आधी हे वाच, मग बाकीचं. तो दुवान नाही. दुवान सापडलेला नाही. मी तुझ्यापासून त्याला लपवलेलं नाही.

तो नदीतला आहे. तू या गावात वाढलीस, शहरात राहून विसरली असशील. माग्दालेना जे आणून टाकते ते आपले कोळी बाहेर काढतात, दफनभूमीवाले भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आणि फरशीवर दोन अक्षरं लिहितात, म्हणजे नाव माहीत नाही. मग गावातलं कुणीतरी त्याला निवडतं. फरशी रंगवतं, पाण्याचा पेला ठेवतं, नाव देतं, आपलं मागणं मागतं. तुझ्या मावशीने एक निवडला होता तो तुला आठवेल. तिने त्याच्याकडे लॉटरीचा आकडा मागितला, लागला नाही, तर तिने त्याची फुलं बंद केली. तशी मी नाही.

मी माझा निवडला त्याला सहा पावसाळे झाले. निवडण्याआधी तिथल्या माणसाला विचारून घेतलं, कारण मी तेवढी खुळी नाही. पन्नाशीचा पुरुष. वरचा एक दात सोन्याचा. आपल्या दुवानला सोन्याचा दात कुठून येणार? आहे तो दात किडू नये म्हणून मी त्याच्या मागे काठी घेऊन धावायची. तेव्हा तो नाही हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच निवडला. दुवानच्या वयाचा असता तर मी फरशीला हात लावला नसता.

त्याच्याशी माझा करार आहे. मी त्याला सांगितलं, तू इथे आहेस हे तुझ्या आईला माहीत नाही. मी तुला पाणी देते, रंग देते, सोमवारी येऊन फरशी वाजवते. माझा नातू कुठल्या दुसऱ्या गावात असाच भिंतीत असेल, तर तिथल्या कुणा म्हातारीने त्याला निवडावं, एवढं तू तुझ्या लोकांत सांग. तुम्हा मेलेल्यांचं आपसात टपाल असतं असं म्हणतात. आणि तो जिवंत असेल तर मग तुला काही काम नाही, आराम कर, पाणी मी तरीही ठेवीन.

आता तू विचारशील, त्याचंच नाव का दिलं. ते नाव घरात पडून होतं, रुबिएला. मी मोठ्याने घेतलं की गल्लीतली माणसं मान खाली घालायची. फाबिओला क्रूसाची खूण करायची. तू तर या वर्षापर्यंत पत्रातही लिहायची नाहीस, "तो" म्हणायचीस. तिथे भिंतीपाशी मी "दुवान" म्हणून हाक मारते आणि कुणी दचकत नाही. तिथे सगळेच कुणाला ना कुणाला हाका मारत असतात. मला ऐकू येत नाही, त्याला बोलता येत नाही, आमचं बरं जमतं.

तू तुझं डोकं काळं करतेस, मी फरशी निळी करते. दर पावसाळ्यात रंग उतरतो, दर पावसाळ्यानंतर मी देते. फरक एवढाच, माझ्या रंगाने माझे कान सुजत नाहीत.

तुला पुसायचं असेल तर ये आणि पुसून टाक. तो तुझा मुलगा, त्याचं नाव तुझं. पण तुझ्या हाताने पूस. मी पुसणार नाही.

ओतिलिया


पुएर्तो बेर्रीओ
२९ ऑक्टोबर २०१७

रुबिएला,

तुझं उत्तर नाही. फाबिओला म्हणते तू फोनही उचलत नाहीस. रागावली असशील तर राग लिही, कागद त्यासाठीच असतो.

सोबत फोटो पाठवते आहे. भिंतीवरच्या चौकोनावर मी औषधवाल्याचं कॅलेंडर टांगलं. त्यावर एक गाय आहे. चालवून घेते.

तो काढला तेव्हा मी पुसून, उन्हात धरून पाहिला. तूही बघ. दुवानच्या मागे तू उभी आहेस. तुझे केस काळे कुठे आहेत? तांबूस आहेत. टोकांना मध, उन्हात नदीवर कपडे धुणाऱ्या पोरीचे असतात तसे. म्हणशील, फोटो जुना झाला, रंग उडाला. मग त्याच फोटोत माझा झगा काळा कसा राहिला? दुवानचे बूट काळे कसे राहिले? निळसर काळा तू नंतर डब्यातून आणलास. इतकी वर्षं लावलास की तुला वाटलं आपण त्यातच जन्मलो.

म्हणजे त्या पोराला तुझी दोन डोकी माहीत आहेत. पहिलं मधाचं, मग कोळशाचं. एकावरून दुसऱ्यावर गेलीस तेव्हा तो हरवला का? ब्रश त्याच्याच हातात होता. तिसरंही शिकेल.

गुरुवारी मेलेल्यांचा दिवस. मी सकाळच्या गारव्यात जाईन.

ओतिलिया


मेदेयीन
६ नोव्हेंबर २०१७

आई, आशीर्वाद दे.

घरी पोचले. तू बांधून दिलेला मासा बसमध्ये सगळ्यांना वास देत आला, कुणी माझ्या शेजारी बसलं नाही, पाय पसरून आले.

तिथे असताना आपण फार बोललो नाही. तुला ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते.

फोटो मिळाला त्याच दिवशी मी यामिलेकडे गेले. फोटो तिच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं, दुवानपासून. तिने फोटो आरशाच्या चौकटीत खोवला आणि हातमोजे चढवले. दिवसभर बसले. आधी वीट झाली. आरशात पाहिलं तर वाटलं, एखाद्या बाईचं घर पेटलंय. मी उठून पळाले असते, पण डोक्यावर चांदीचे कागद होते. मग दुसऱ्यांदा उडवला, आणि तिने ब्रश घेतला. एकेक बट फोटोकडे बघून रंगवली. मुळाशी दोन बोटं सोडून. कातडीला थेंब लागू दिला नाही. शेवटी राखेच्या रंगाचं पाणी दिलं. सहा महिने हात लावायचा नाही म्हणाली, आणि नंतरही थोडंच.

मग बसमध्ये बसले. खोटं कशाला सांगू, पिशवीत थिनरची बाटली आणि चिंधी होती. पुसायलाच निघाले होते.

तू स्टँडवर उभी होतीस. मी तुला कळवलंही नव्हतं. बसमधून उतरले, आणि तू माझ्या डोक्याकडे न बघता म्हणालीस, "उशीर झाला, फुलं सुकतात, चल." एवढंच. मी दिवसभर वाट पाहिली, तू केसांबद्दल काहीतरी टोचून बोलशील. तू बोललीच नाहीस.

भिंतीपाशी तू फरशी वाजवलीस आणि माझ्याकडे बघून मागे सरलीस. मी त्याचं नाव वाचलं. तुझं अक्षर, त्याच्या पहिलीच्या पुस्तकासारखं, गोल गोल. बाजूच्या फरशीपाशी एक बाई कुणाचं लग्न ठरलं ते आपल्या मेलेल्याला सांगत होती. मी पिशवीत हात घातला. बाटली हाताला लागली. मग मला तो सोन्याचा दात आठवला. त्याची कुणी आई असेल, तीही कुठल्यातरी स्टँडवर बसत असेल. मी नाव पुसलं असतं तर तो पुन्हा दोन अक्षरांचा झाला असता.

म्हणून ब्रश मागितला तुझ्याकडून. तुला वाटलं मी नाव गिरवते आहे. मी खाली बारीक अक्षरात लिहिलं, तुला चष्म्याशिवाय दिसलं नसेल. "हे नाव उसनं दिलेलं आहे. पन्नाशीचा, वरचा दात सोन्याचा. ओळखत असाल तर स्टेशनजवळ मासेवाल्या ओतिलियाला भेटा." आता पावसाळ्यानंतर रंग देशील तेव्हा ती ओळ सांभाळ.

एक मागणं आहे. पुढून मला आरशात सवय होते आहे. मागचं मी पाहिलेलं नाही. दुसरा आरसा धरायला हात उचलतच नाही. तू दिवसभर माझ्या मागे चालत होतीस. मागून कशी दिसते ते तूच लिही.

तुझी
रुबिएला


पुएर्तो बेर्रीओ
१३ नोव्हेंबर २०१७

रुबिएला,

आज सोमवार. दफनभूमीतून आत्ताच आले, पाय धुतले आणि लिहायला बसले. तुझी ओळ चष्मा लावून वाचली. "मासेवाली" लिहिलंस, बरं केलंस. "स्वर्गवासी" लिहायची पाळी अजून आलेली नाही. एक बाई ती ओळ वाचत उभी होती, नदीच्या वरच्या अंगाची कुणीतरी. वाचून दुसऱ्या फरशीकडे गेली. तिचा माणूस तो नसावा. पण वाचली.

तू कळवलं नव्हतंस तरी मी स्टँडवर का होते, ते विचारलं नाहीस. गुरुवारी पहाटेपासून येणारी प्रत्येक बस मी बघत होते. तू एकटीच स्टँडवर बसू शकतेस असं थोडंच आहे.

केसांबद्दल तेव्हा बोलले नाही, कारण बोलले असते तर चांगलं बोलावं लागलं असतं, आणि मला ती सवय नाही. आता विचारलंस म्हणून लिहिते. मी दिवसभर तुझ्या मागे चालले ते मुद्दाम चालले.

मानेपाशी राख आहे, चुलीतली नव्हे, पहाटे नदीवर असते तशी. मध्ये मधाच्या बटा, एक जाड, दोन बारीक, उजवीकडे जास्त. ऊन पडलं की त्या फोटोतल्यासारख्या होतात. रेघ कुठेच नाही, मी शोधली. डाव्या कानामागे एक पांढरा झुपका आहे, बोटाएवढा. यामिलेने तिथे काही लावलेलंच नाही. तिला दिसलं नसेल, किंवा तू सांगितलं असशील. कोण बघतंय तिथे? मी बघितलं.

आणि तू डावा पाय अजून तसाच ओढतेस. चपलेची टाच तिकडून झिजली आहे. ती बदलून घे. किंवा नको, राहू दे.

आज फरशी वाजवून हे सगळं मी त्याला सांगितलं. पाण्याचा पेला बदलला, टेकले, आणि जसं वर लिहिलंय तसंच एकेक करून सांगितलं. म्हटलं, करारात एक वाढवते आहे. माझा नातू तुमच्यात असेल तर त्याला सांग, आणि तुमच्यात नसेल तर जिथे असेल तिथे कुणाच्या स्वप्नात जाऊन सांग, तुम्हाला ते येतं म्हणतात. आईचे केस आता काळे नाहीत. काळं डोकं शोधू नकोस. मानेपाशी राख, मध्ये मध, डाव्या कानामागे तू सोडायचास तेवढं पांढरं. मी दोनदा सांगितलं, कारण मेलेली माणसंही नीट ऐकत नाहीत. शेजारच्या फरशीपाशीही सांगून ठेवलं, आणि त्याच्या पलीकडच्या. लोक बघत होते. बघू देत.

वर्षातून दोनदाच जावं लागतं ते ठीक आहे, पण जाशील तेव्हा फोटो घेऊन जा, म्हणजे यामिलेचा हात चुकणार नाही. लाल, सोनेरी, काही नवीन सुचवेल ती, पार्लरवाल्या सुचवतात. ऐकू नकोस. हाच ठेव. निरोप गेलाय.

तुझी आई
ओतिलिया